सेकंडहँड स्पोर्ट्स कार, कुर्ल्याची फियाट आणि आमच्या घरातला एक जुना बोजा

पोस्ट लांबलीय, सवडीनं वाचा.

गेल्या महिन्यात पुतण्या ओसरीवर आला आणि मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. लाल रंगाची पोलो. म्हणला, "तात्या, साधी नाही, जीटी आहे. टीएसआय. २०१४ची. पुण्यात आहे. साडेचार म्हणतोय, चारला तुटंल."

पोरगं सत्तावीस वर्षांचं. दोन वर्षं चाकणला एका कंपनीत ट्रेनी म्हणून काढली, आता धाराशिवला कामाला आहे, रोज बेंबळीहून जाऊन येऊन. हातात पाचेक लाख आहेत. त्यातली निम्मी रक्कम त्याच्या पगारातून साठलेली, निम्मी रस्त्यात गेलेल्या जमिनीच्या तुकड्याचा मावेजा. म्हणजे हा पैसा परत येणारा नाही. तुकडा गेला तो गेलाच.

घरात लगेच दोन तट पडले. वहिनी म्हणाल्या, "घ्यायचीच तर बोलेरो घ्या, माणसं तरी बसतील." दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पोराचा बाप, काहीच बोलला नाही. उठला आणि गोठ्याकडं गेला. पोराला वाटलं अण्णा रागावले. मला माहीत होतं की तो राग नव्हता. ते पुढं सांगतो.

मी म्हणालो, थांब दोन आठवडे, आपण दोघं जाऊन बघू. आणि तोवर मी नेहमीचा उद्योग केला, जुनं वाचायला बसलो. प्रश्न साधा होता. वेगानं पळणारी, दिसायला देखणी आणि आपल्याला परवडेल अशी जुनी गाडी आपल्याकडं इतकी उशिरा का आली? साहेबाच्या देशात किंवा न्यूझीलंडमध्ये विशीतलं पोरगं दोन सीटची जुनी मझदा घेऊन हिंडतं. आपल्याकडं असं पोरगं दिसलं तर लोक विचारतात, बाप कोण आहे?

आधी एक गोष्ट कबूल करतो. खरी स्पोर्ट्स कार म्हणजे दोन दारं, दोन सीटा, जमिनीला टेकलेली. पोलो ही तशी नाही. ती घरगुती गाडी, फक्त इंजिन तेज. पण आपल्याकडं स्पोर्ट्स कार म्हणून जे काही सामान्य माणसाच्या हाती लागलं ते असंच, घरगुती गाडीच्या कातड्यात लपलेलं. अपवाद एक आठवतो. नव्वदचं दशक संपता संपता गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची, फायबर बॉडीची, छत उघडणारी गाडी निघाली होती. इंजिन रेनोचं, १.२ लिटर, साठेक हॉर्सपॉवर. फार थोड्या विकल्या गेल्या. आजही कुठं एखादी दिसली तर लोक फोटो काढतात.

आता मूळ मुद्दा. सेकंडहँड गाडी नव्या गाडीपेक्षा स्वस्त असते, हे आपण धरूनच चालतो. पण आपल्या देशात ही गोष्ट जेमतेम तीस-पस्तीस वर्षांची आहे. त्याआधी उलटं होतं.

ही कथा आपल्या शेजारच्या सोलापूरपासून सुरू करता येते. वालचंद हिराचंद सोलापूरचे, जन्म १८८२चा. जहाजं, विमानं आणि मोटारी या तिन्ही गोष्टी इथंच बनल्या पाहिजेत असा हट्ट धरलेला माणूस. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. १९४७ मध्ये तिथून क्रायस्लरच्या सहकार्यानं जुळवलेल्या गाड्या बाहेर पडायला लागल्या. वालचंद १९५३ मध्ये गेले. त्याच्या पुढच्याच वर्षी कुर्ल्याची फियाट ११०० आली, जी पुढं सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. सोलापूरच्या माणसानं काढलेल्या कारखान्याची ही गाडी पुढची चाळीसेक वर्षं मुंबईची टॅक्सी आणि आपल्याकडच्या डॉक्टर-वकिलांची शान होती.

त्या वेळी आपण कुठं होतो? निजामाच्या राज्यात, १९४८च्या सप्टेंबरपर्यंत. ज्याच्या नावानं आपला जिल्हा अगदी परवापर्यंत ओळखला जायचा त्या निजामाच्या ताफ्यात रोल्स-रॉईस होत्या, आणि आपल्या आजोबांना बाजाराला जायला बैलगाडी. त्यामुळं गाडीचा पहिला आवाज आपल्या शिवारात बराच उशिरा घुमला.

कुर्ल्याच्या आधीही मुंबईत गाड्या जुळवल्या जायच्या. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये शिवडीला कारखाना टाकला होता, फोर्डचाही होता. सुटे भाग बोटीनं यायचे आणि इथं बोल्ट आवळले जायचे. स्वातंत्र्यानंतर सरकारनं विचारलं, नुसते बोल्ट किती दिवस आवळणार? १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार ठरलं की जो गाडी खरोखर इथं बनवणार असेल त्यानंच थांबावं, नुसत्या जुळवणाऱ्यांनी आवरतं घ्यावं. जनरल मोटर्स १९५४ मध्ये शिवडी सोडून गेली. मागं उरले हिंदुस्तान मोटर्स, प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड, म्हणजे अँबॅसेडर, फियाट आणि पुढं १९६१ पासून हेराल्ड.

त्या निर्णयाला आज शिव्या घालणं सोपं आहे. मी घालणार नाही. परकीय चलन नव्हतं, धान्य आणायला पैसा पुरत नव्हता, तिथं मोटारीचे सुटे भाग कशाला, हा विचार चुकीचा म्हणता येत नाही. पण त्याचा एक परिणाम असा झाला की कारखाने तीन आणि गिऱ्हाईक लाखभर. गाडीसाठी नाव नोंदवायचं, पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. किमतीवरही सरकारचं नियंत्रण. मग काय होणार? ज्याचा नंबर लागला त्यानं गाडी ताब्यात घेतली की शोरूमच्या दारातच तिची किंमत वाढायची. जुनी गाडी नव्यापेक्षा महाग, कारण जुनी आज मिळत होती आणि नवी कधी मिळेल ते सांगता येत नव्हतं.

आता विचार करा, अशा बाजारात वेगाला कोण विचारणार? पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चाळीस-बेचाळीस हॉर्सपॉवर. आणि हे मूळ इटालियन डिझाइन पन्नास-साठच्या दशकातलं, ते आपण २००० सालापर्यंत ओढलं. हौस नव्हती असं नाही. मुंबईत जुहूच्या विमानपट्टीवर मोटारींच्या शर्यती व्हायच्या, लोक फियाटचे सायलेन्सर कापून, कार्बोरेटर बदलून उतरायचे. हौस होती, गाडी नव्हती.

खरी परदेशी गाडी सामान्य वाटेनं मिळायची एक गंमतशीर सोय मात्र होती. दिल्ली-मुंबईतले वकिलातीतले परदेशी अधिकारी बदली होऊन जाताना आपली गाडी इथं सोडून जायचे. ती परस्पर विकता येत नसे. स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन ती घ्यायची आणि निविदा काढून विकायची. सिनेमावाले, बिल्डर, कारखानदार यांच्या दारात साठ-सत्तरच्या दशकात ज्या परदेशी गाड्या दिसायच्या त्यातल्या कितीतरी अशा सरकारी लिलावातल्या. म्हणजे आपल्या देशातली सेकंडहँड परदेशी गाड्यांची सगळ्यात मोठी दुकानदार एक सरकारी कंपनी होती. बेंबळीपर्यंत त्या निविदेची जाहिरात कधी आली असेल असं वाटत नाही.

संस्थानिकांच्या गाड्यांची तऱ्हा वेगळी. इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे, म्हणजे आपलंच मराठी घराणं, यांना वेगवान गाड्यांचा भारी नाद होता. बुगाटी, बेंटली, ड्युसेनबर्ग असल्या गाड्या त्यांनी खास बनवून घेतल्या. पुढं संस्थानं गेली, १९७१ मध्ये तनखेही गेले आणि देशभरच्या संस्थानिकांच्या गाड्या गॅरेजात धूळ खात पडल्या. परदेशातल्या जाणकारांनी त्या काळात येऊन बऱ्याच गाड्या मातीमोल भावानं उचलल्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं जुन्या गाड्या बाहेर नेण्यावर बंदी घातली तेव्हा बराच माल गेलेला होता. आज त्यातली एखादी लिलावात येते तेव्हा आकडा कोटींत असतो.

असो. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. ती कथा सगळ्यांना पाठ आहे. मोटारीचा परवाना काढून टाकला तो १९९३ मध्ये. आपल्याला ते साल वेगळ्याच कारणानं लक्षात आहे. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी आणि आसपासची गावं झोपेत गाडली गेली, आपल्याही भिंतींना तडे गेले. गाड्यांचा परवाना उठला ही बातमी त्या वर्षी आपल्याकडं कुणी वाचली असेल तर सांगा. पण त्यानंतरच्या महिन्यांत मदत घेऊन शहरातल्या जेवढ्या गाड्या आपल्या भागातल्या रस्त्यांवर आल्या तेवढ्या आम्ही त्याआधी कधी एकत्र बघितल्या नव्हत्या. मी तेव्हा विशीत होतो. दुःखात असताना माणसानं गाड्या बघू नयेत, पण आम्ही पोरं बघत होतो, खोटं कशाला सांगू.

परवाना उठला आणि झेन, एस्कॉर्ट, अॅस्ट्रा, सिटी अशी रांग लागली. नवी गाडी पैसे टाकले की मिळू लागली. आणि त्या क्षणी जुनीचा भाव पडायला सुरुवात झाली. हे मला या सगळ्या वाचनातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. स्वस्त सेकंडहँड गाडी म्हणजे घरात नव्या गाडीची वाट बघणारा माणूस उरला नाही याचा पुरावा. आपल्यासारख्या गावात चारचाकी आली ती या पडलेल्या भावावर.

आमच्या घरात आली ती १९९८ मध्ये. आणि इथं दादाच्या गप्प बसण्याचं कारण येतं.

त्या वर्षी आम्ही दोघा भावांनी सोलापुरातून एका एजंटाकडून पांढरी पद्मिनी घेतली. पासष्ट हजार. तीन वर्षांच्या तुरीचे, दोन म्हशींचे आणि वहिनीच्या पाटल्यांचे पैसे त्यात होते. गाडी चांगली होती, इंजिन कोरं वाटावं असं. एजंटानं आरसी बुक दाखवलं, टीटी फॉर्मवर कोऱ्या जागी आधीच्या मालकाच्या सह्या होत्या, म्हणाला "नाव आपण पुढच्या महिन्यात करून देऊ, आधी फिरा तर." आम्ही फिरलो. तुळजापूरला जाऊन आलो, पंढरपूरला जाऊन आलो, गावातली दोन लग्नं त्या गाडीत लावली. नवरदेव मागं बसायचा, दादा चालवायचा. सात महिन्यांनी दोन माणसं आली आणि कागद दाखवला. गाडीवर कर्जाचा बोजा होता, आधीच्या मालकानं हप्ते भरलेच नव्हते. एजंटाचं दुकान तोवर उठलेलं. दादानं चावी काढून दिली. गल्लीतली माणसं बघत होती. त्यानंतर दादानं आजतागायत चारचाकीचा विषय काढला नाही. मोटरसायकल, जीप, एसटी, काय असेल त्यानं जातो.

पुतण्या तेव्हा जन्माला यायचा होता. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही पुण्याला निघालो तेव्हा तुळजापूरच्या पुढं मी त्याला सांगितलं. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणला, "तात्या, आता ऑनलाईन दिसतंय सगळं."

दिसतं, पण तेवढ्यानं भागत नाही. त्यावर पुढं येतो. त्याआधी दोन हजारच्या दशकातली एक गोष्ट, कारण वेगवान गाडी आणि सरकार यांचं नातं तिच्यात उघडं पडतं.

२००१ मध्ये आयातीवरचे बरेच निर्बंध उठले आणि वापरलेली परदेशी गाडी आणायला कागदावर परवानगी मिळाली. जपानमध्ये गाडी तीन-चार वर्षांची झाली की लोक विकतात, आणि तिथंही स्टिअरिंग आपल्यासारखं उजव्या बाजूला. न्यूझीलंड, श्रीलंका, केनिया या देशांत त्या गाड्या बोटींनी जातात. १९८९ला आलेली मझदाची दोन सीटची एमएक्स-५ ही जगातल्या गरिबाची स्पोर्ट्स कार, दहा लाखांहून जास्त बनल्या. मग ती आपल्याकडं का आली नाही? कारण अटी. गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि उतरवायची ती फक्त मुंबई बंदरात. त्यावर २००१च्या अर्थसंकल्पात जुन्या गाडीवरची मूळ कस्टम ड्यूटी १०५ टक्के केली, बाकीचे कर धरून एकूण बोजा १८० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दार उघडं आणि उंबरा छातीएवढा. इथल्या कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्याच पोरांच्या नोकऱ्या त्या उंबऱ्यानं वाचवल्या, हेही तितकंच खरं. मला दोन्ही बाजू पटतात, त्यामुळं यावर माझ्याशी वाद घालून उपयोग नाही.

आणि २००२ मध्ये सचिनची फेरारी. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली म्हणून फियाटनं त्याला फेरारी ३६० मोडेना दिली, इंग्लंडमध्ये शूमाकरच्या हातून. ती भारतात आणायची तर ड्यूटी सुमारे १ कोटी १३ लाख, म्हणजे गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. सरकारनं माफी द्यायचं ठरवलं आणि देशभर गदारोळ. दिल्ली उच्च न्यायालयात याचिका गेली. शेवटी ड्यूटी फियाटनं भरली. आपल्या पारावर तेव्हा दोन तट होते. एक म्हणायचा, त्यानं देशाला एवढं दिलं, एक गाडी माफ केली तर काय बिघडलं? दुसरा म्हणायचा, माझ्या ट्रॅक्टरचा कर कोण माफ करणार? मी दुसऱ्या तटात होतो आणि शतकांच्या वेळी पहिल्या तटात जाऊन बसायचो. २०११ मध्ये सचिननं ती फेरारी सुरतेच्या एका व्यावसायिकाला विकली. म्हणजे महाराष्ट्रातली सगळ्यात गाजलेली स्पोर्ट्स कारही अखेर सेकंडहँडच झाली.

पण खरी मजा पुढं आहे. बाहेरून स्वस्त वेग येईना म्हणून तो इथंच, आपल्याच राज्यात बनू लागला, आणि त्यातला एक आपल्या मराठवाड्यात. स्कोडानं २००१ मध्ये शेंद्र्याला, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या एमआयडीसीत, ऑक्टाव्हिया जुळवायला सुरुवात केली. २००४ मध्ये तिथूनच ऑक्टाव्हिया आरएस निघाली. १.८ लिटर, टर्बो पेट्रोल, १५० हॉर्सपॉवर. टर्बो पेट्रोल हा शब्दच तेव्हा नवा होता. बाहेरून पाहिलं तर सरकारी साहेबाची सेडान, आणि पाय दाबला तर हायवेवर कुणी मागं टिकत नव्हतं. आपल्या तालुक्यातली, बीडची, जालन्याची पोरं तेव्हा शेंद्रा-वाळूजला कामाला जायची. ती गाडी नव्यानं घेणं त्यातल्या कुणाच्या आवाक्यात नव्हतं. पण दहा-बारा वर्षांनी हीच गाडी दोन-अडीच लाखांत चौथ्या मालकाकडं आलेली मी स्वतः लातूरला पाहिली आहे. मालक शेळ्यांचा व्यापारी. मागच्या सीटवर पेंडीचं पोतं.

अशीच कुर्ल्याच्या फियाटची पालिओ १.६, २००१ची, शंभर हॉर्सपॉवर, पेट्रोल पाण्यासारखं पिणारी. तिची जाहिरात सचिन करायचा. चाकणची पोलो जीटी टीएसआय २०१३ची, १०५ हॉर्सपॉवर. रांजणगावची अबार्थ पुंटो २०१५ची, १४५ हॉर्सपॉवर, दहा लाखांच्या आत, त्या किमतीत देशात तेवढी ताकद दुसऱ्या कशातच नव्हती. यातली एकही नवी असताना भरपूर खपली नाही. आपल्या लोकांचा पहिला प्रश्न "देती किती?" हाच, आणि तो बरोबरच आहे. पण न खपल्यामुळंच त्यांचा भाव लवकर पडला आणि त्या आपल्यापर्यंत आल्या. पहिल्या मालकानं वेगाची किंमत मोजली, दुसऱ्यानं हौस भागवली, तिसऱ्याला गाडी स्वस्त मिळाली आणि तिच्याबरोबर बिलंही.

बिलांचं सांगतो, कारण पोरं इथंच फसतात. गाडी जुनी होते तसा तिचा भाव उतरतो, सुट्या भागांचा भाव उतरत नाही. दहा लाखांची गाडी चार लाखांत मिळाली तरी तिचा टर्बो, तिचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स हा दहा लाखांच्या गाडीचाच असतो. असला गिअरबॉक्स उघडायची वेळ आली की आकडा लाखाच्या घरात जातो. धाराशिवचा मेकॅनिक बॉनेट उघडून बघतो, परत लावतो आणि म्हणतो, "सोलापूरला न्या, नाहीतर पुण्याला." ज्या कंपनीनं देश सोडला, तिच्या गाडीला तर एक हेडलाईट मिळवायला महिना जातो. यात कंपनीचा दोष काढत नाही, व्यवहारच तसा आहे.

तर आम्ही पुण्याला गेलो. गाडी खरंच देखणी होती. पोरानं आत बसून स्टिअरिंगला हात लावला तेव्हा त्याचं तोंड बघून मलाच वाटलं, घेऊन टाकावी. मीटरवर ४८ हजार किलोमीटर. मी म्हणालो, सर्व्हिसचा रेकॉर्ड दाखवा. विकणारा म्हणाला, आधीचा मालक बाहेर सर्व्हिस करायचा. पोरगं चाकणचं, त्यानं दोन ओळखीच्यांना फोन लावले, चॅसिस नंबर दिला. तासाभरात उत्तर आलं. तीन वर्षांपूर्वीच ती गाडी ९१ हजारांवर सर्व्हिसला आली होती. मीटर मागं घेतलेलं. विकणाऱ्याला सांगितलं तर तो चिडला नाही, उलट हसला आणि म्हणाला, "मग साडेतीन द्या."

परत येताना टेंभुर्णीला चहाला थांबलो. पोरगं खट्टू. मी त्याला कागदांचं सांगत बसलो, आणि तेच इथं लिहितो, कारण गावात निम्म्या जुन्या गाड्या अजून टीटी फॉर्मवरच फिरतायत.

कायद्यानं विकणाऱ्यानं त्याच राज्यातला व्यवहार असेल तर चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत नाव लावून घ्यायचं. फॉर्म २९ आणि ३०. कर्ज फिटलं असेल तर फॉर्म ३५, त्यावर बँकेची सही, आणि आरसीवरून बोजा उतरलेला डोळ्यांनी बघायचा. सातबाऱ्यावरचा बोजा आपण कसा बघतो, तसाच. बँकेचं नुसतं पत्र चालत नाही. पुण्याची एमएच-१२ गाडी आपल्या एमएच-२५ला आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी. दिल्लीची गाडी असेल तर जास्तच जपून. तिथं दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल चालवायला बंदी आली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली, आणि तेव्हापासून तिकडच्या चकचकीत गाड्या स्वस्तात आपल्याकडं वाहत आल्या. पण इथं आणल्यावर महाराष्ट्राचा कर परत भरावा लागतो. तो धरला की स्वस्ताई बरीचशी संपते.

आणि विकणाऱ्यांसाठी. २०१८ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक. त्या प्रकरणात गाडी एकामागोमाग अनेक हातांतून गेली होती आणि नाव कुणीच लावलं नव्हतं. अपघाताची जबाबदारी कागदावरच्या पहिल्या माणसावर आली. म्हणजे तुम्ही पाच वर्षांपूर्वी विकलेली गाडी आज कुणी कुठं ठोकली तर नोटीस तुमच्या दारात येऊ शकते. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांनाही आरटीओकडून अधिकारपत्र घेणं सक्तीचं झालंय. १९९८ला हा नियम असता तर कदाचित आमची पद्मिनी राहिली असती, किंवा मुळात आलीच नसती.

पुढं काय झालं ते सांगून थांबतो. पंधरा दिवसांनी पोरानं दुसरी गाडी शोधली. सोलापूरची, एमएच-१३, मारुतीची बलेनो आरएस, २०१८ची. एक लिटरचं टर्बो इंजिन, शंभरेक हॉर्सपॉवर, हातानं गिअर टाकायचे. २०१७ला आली आणि दोन-तीन वर्षांत बंद पडली, कारण तीच, खपली नाही. पण सर्व्हिस धाराशिवलाही होते. पोलोसारखी देखणी नाही, हे तो स्वतःच म्हणतो. एक मालक, शिक्षक, सर्व्हिसची सगळी बिलं फाईलला लावलेली. मागणी पाच लाख दहा हजार.

परवा रात्री जेवताना पोरानं आकडा सांगितला. वहिनी म्हणाल्या, बोलेरो बरी होती. दादानं भाकरी मोडता मोडता, ताटातून वर न बघता विचारलं,

"बोजा उतरलाय का रं? आरसीवर बघितलं का, का नुसतं पत्र दाखवलं त्यानं?"

पोरगं म्हणलं, "पत्रच दाखवलंय, अण्णा."

"मग सोमवारी मी येतो संगट. आरटीओला."